जबड्याची रेषा पुसट कशामुळे झाली, ते आधी शोधा

प्रश्न असा आहे : "वय ३६. वजन फारसं वाढलेलं नाही, तरी फोटोत हनुवटी कुठे संपते आणि गळा कुठे सुरू होतो तेच कळत नाही. एका ठिकाणी जबड्यावर फिलर भरा म्हणाले, दुसरीकडे बोटॉक्स, तिसरीकडे धागे. तिघांपैकी बरोबर कोण?"

तिघांनीही बहुधा आपापल्या हाताला सवय असलेलं सांगितलं. फिलर म्हणजे त्वचेखाली भरायचं जेल, बोटॉक्स म्हणजे स्नायू सैल करणारं इंजेक्शन, आणि धागे म्हणजे ओघळलेली त्वचा उचलायला आत घातलेले दोरे. फिलर भरणाऱ्याला खड्डे दिसतात, धागे घालणाऱ्याला सैलपणा दिसतो. त्यात लबाडी असेलच असं नाही. मला मात्र त्याआधीचं जाणून घ्यायचं आहे. तिघांपैकी कुणी तुम्हाला बाजूने पाहिलं का? दाढा घट्ट आवळायला लावून जबड्याच्या कोपऱ्यावर बोटं ठेवली का? हनुवटीखालची कातडी चिमटीत धरून पाहिली का? ओठ उघडायला सांगून दात कसे जुळतात ते पाहिलं का? यातलं काहीच झालं नसेल, तर सांगितलेला उपाय लागू पडलाच तरी तो योगायोगाने.

आपण जिला जॉलाइन म्हणतो ती खरं तर उजेड आणि सावली यांच्यामधली हद्द असते. वरून येणारा प्रकाश जबड्याच्या कडेपर्यंत पोचतो, कडेखाली मान सावलीत जाते, आणि मध्ये रेघ दिसते. ही रेघ पुसट व्हायला पाच जणांपैकी कुणीही कारण असू शकतं : हाड, चावण्याचा स्नायू, चरबी, सैल पडलेली त्वचा, नाहीतर लाळेच्या ग्रंथी. बऱ्याचदा दोघं-तिघं मिळून. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर चेहरा आधीपेक्षा वाईट दिसू शकतो. म्हणून "फिलर चांगलं की बोटॉक्स" या प्रश्नाला मी उत्तरच देत नाही. भिंतीला ओल आली की आधी पाणी कुठून झिरपतंय ते पाहतात, रंगाचा डबा नंतर उघडतात.

घरी करता येण्यासारखी तपासणी सांगतो. पहिली गोष्ट, सेल्फीवरून काहीही ठरवू नका. हात लांब करून सुमारे ३० सेंटिमीटरवरून काढलेल्या फोटोत जवळचं मोठं आणि मागचं लहान दिसतं. दीड मीटरवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत नाक जवळजवळ ३० टक्के रुंद दिसू शकतं, हे २०१८ मध्ये गणिताने मांडून दाखवलं गेलं आहे. तोच नियम हनुवटीला आणि जबड्याच्या कोपऱ्यांना लागू आहे. दुसऱ्या कुणाला तरी दीड-दोन मीटरवर उभं करा, कॅमेरा चेहऱ्याच्या उंचीला, नजर समोर, आणि अगदी बाजूने फोटो काढून घ्या. मान पुढे काढू नका, आत ओढूनही घेऊ नका. फोटोत खालच्या ओठाच्या कडेपासून सरळ खाली रेघ ओढा. हनुवटी त्या रेघेला टेकते किंवा किंचित मागे राहते, इथपर्यंत ठीक. चांगली बोटभर मागे असेल, तर तुमच्या तक्रारीचं निम्मं उत्तर तिथेच मिळालं.

दुसरं, दाढा आवळा आणि कानाखाली जबड्याच्या कोपऱ्यावर बोटं ठेवा. तिथे सुपारीसारखा टणक गोळा उठतो का? तिसरं, हनुवटीखालची जाडी चिमटीत धरा आणि मग खालचा ओठ खाली ताणून मानेच्या शिरा उठवा. चिमटीतली जाडी तशीच हातात राहिली, तर चरबी त्वचेलगत आहे. निसटून आत गेली, तर ती मानेच्या पातळ स्नायूच्या मागे आहे, आणि तिथपर्यंत कोणतंही इंजेक्शन पोचवायचं नसतं. चौथं, आरसा हातात घेऊन पाठीवर झोपा. उभं असताना नसलेली रेघ झोपल्यावर दिसू लागली, तर त्वचा आणि तिच्याखालचा थर ओघळला आहे. झोपूनही दिसत नसेल, तर सैलपणाला दोष देऊ नका.

आता तुमच्याबद्दल. तिशी-पस्तिशीतला माणूस, वजन बेताचं, आणि तरी गळा-हनुवटी एक झालेली, असं ऐकलं की माझी नजर सगळ्यात आधी हनुवटीच्या हाडाकडे जाते. हनुवटी तंबूच्या पुढच्या काठीसारखी असते. काठीच आखूड असेल तर कापड झोळणारच, मग ते कितीही नवं आणि हलकं असो. कंठाजवळ हायॉइड नावाचं छोटं हाड असतं. ते जन्मतःच खाली आणि पुढे असेल, तरी हनुवटी आणि मान यांच्यामधला कोन उघडा राहतो. साधारण १०५ ते १२० अंशांचा कोन डोळ्याला रेखीव वाटतो. हायॉइडची जागा बदलता येत नाही, हे रुग्णाला आधीच सांगावं लागतं. मी सांगतो, ऐकणाऱ्याला ते आवडत नाही.

सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः इथेच चुकलो होतो. विशीतला एक मुलगा "डबल चिन काढा" म्हणत आला. चिमटीत चरबी येत होती, मी लायपोसक्शन केलं, म्हणजे नळीने चरबी ओढून काढली, जखमा छान भरल्या, सूज उतरली. तीन महिन्यांनी आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी ठेवले, तर मला स्वतःलाच फरक शोधावा लागला. त्याची हनुवटी मागे होती, आणि मी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं. पुढे हनुवटीत इम्प्लांट, म्हणजे हाडावरचा कृत्रिम तुकडा, बसवल्यावर त्याला जे हवं होतं ते एका दिवसात दिसलं. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली होती, फक्त ती करायचीच नव्हती.

हनुवटी पुढे आणायचे तीन मार्ग आहेत. थोडीच कमी असेल, तर हाडालगत हायलुरॉनिक ॲसिडचं घट्ट फिलर. हा सौम्य आणि परत फिरता येण्यासारखा मार्ग आहे, शिवाय हनुवटी पुढे आल्यावर कसं दिसेल याची रंगीत तालीमही होते. नको वाटलं तर हायलुरोनिडेज या एन्झाइमचं इंजेक्शन देऊन विरघळवता येतं. कायमचा बदल हवा असेल, तर सिलिकॉनचं किंवा सच्छिद्र पॉलिएथिलीनचं इम्प्लांट. त्यात जंतुसंसर्ग, सरकणं आणि वर्षानुवर्षांच्या दाबाने खालचं हाड थोडं झिजणं हे धोके येतात. तिसरा मार्ग जिनिओप्लास्टी. खालच्या ओठाच्या आतून छेद घेऊन हनुवटीचा तुकडा कापायचा, पुढे सरकवायचा आणि प्लेट-स्क्रूने बसवायचा. ऐकायला भयंकर वाटतं, पण आपलंच हाड असल्यामुळे एकदा जुळलं की जुळलं. त्या हाडावरचे काही स्नायूही सोबत पुढे येतात आणि गळ्याखालचा भाग ताणला जातो, हे इम्प्लांटला जमत नाही. किंमत म्हणून खालचा ओठ आणि हनुवटी काही आठवडे ते काही महिने बधिर राहू शकतात, आणि थोड्या लोकांत तो बधिरपणा पुरता जात नाही.

पण त्याआधी दात पाहा. वरचे पुढचे दात खालच्या दातांच्या खूप पुढे असतील, तर हनुवटी एकटी मागे नाही, अख्खा खालचा जबडा मागे आहे. अशा वेळी हनुवटीवर फिलर भरणं म्हणजे मूळ प्रश्नावर पडदा टाकणं. काहींनी लहानपणी पुढे आलेले दात आत घेण्यासाठी तारा लावलेल्या असतात. दात रांगेत येतात, जबडा मात्र होता तिथेच राहतो, आणि मोठेपणी "माझे दात तर नीट आहेत" असं तो माणूस खात्रीने सांगतो. मागे असलेल्या जबड्यासोबत जोराचं घोरणं आणि दिवसा पेंग येणं असेल, तर झोपेत श्वास अडकतो का ते तपासून घ्या. जबडा पुढे आणण्याची शस्त्रक्रिया अशा लोकांत श्वासासाठीही उपयोगी पडते, आणि चेहरा सुधारतो तो जोडीने.

स्नायूकडे येऊ. जबड्याच्या कोपऱ्यावरचा मॅसेटर हा चावण्याचा मुख्य स्नायू. काहींचा जन्मतःच मोठा असतो, काहींचा झोपेत दात खाण्याने वाढतो. समोरून चेहरा चौकोनी दिसत असेल आणि दाढा आवळल्यावर तो टणक गोळा उठत असेल, तर तिथे बोटॉक्स छान काम करतं. १९९४ पासून वैद्यकीय नियतकालिकांत त्याचे अहवाल आहेत, तरी बहुतेक ठिकाणी हा वापर औषधाच्या मान्य यादीबाहेरचाच आहे, आणि डॉक्टरने तसं सांगायला हवं. एका बाजूला साधारण २० ते ३० युनिट लागतात. मात्र एका ब्रँडचं युनिट म्हणजे दुसऱ्या ब्रँडचं युनिट नव्हे, त्यामुळे "अमक्या ठिकाणी जास्त युनिट देतात" ही तुलना निरर्थक आहे. आठ-पंधरा दिवसांत चावण्याचा जोर कमी वाटतो. चेहरा बारीक दिसायला मात्र दोन-तीन महिने जातात, कारण स्नायू न वापरल्यामुळे हळूहळू रोडावतो. असर साधारण चार ते सहा महिने. ज्यांना आठवड्यात फरक हवा असतो ते दहाव्या दिवशी फोन करतात, "काहीच झालं नाही."

याच्या दोन गोष्टी सहसा कुणी सांगत नाही. एक, सुई जरा पुढे किंवा वरवर पडली, तर हसण्याचा शेजारचा स्नायू दुबळा होतो आणि हसू काही आठवडे वाकडं येतं. दुसरी अधिक महत्त्वाची. मॅसेटर हा नुसता फुगवटा नसतो, त्याच्या वरच्या त्वचेला तो आतून आधार देत असतो. चाळिशीपुढच्या, आधीच किंचित ओघळलेल्या चेहऱ्यात तो रोडावला, तर जबड्यालगतच्या पिशव्या जास्त उठून दिसतात. तुमचं वय ३६ आहे, म्हणजे सीमेवरचं. दाढा आवळून गोळा उठत नसेल, तर या बोटॉक्सचा तुमच्याशी काही संबंध नाही. मानेवर उभ्या दोऱ्या उठणं हा वेगळा प्रकार. तो प्लॅटिस्मा या पातळ स्नायूमुळे होतो, आणि त्यासाठी बोटॉक्सला अमेरिकेत २०२४ मध्ये मान्यता मिळाली आहे. त्याने दोऱ्या मऊ होतात आणि जबड्याची कड थोडी स्पष्ट होते, पण चरबी जात नाही.

जबड्याच्या कडेचं फिलर हे सध्याचं सगळ्यात लाडकं काम. योग्य चेहऱ्यात ते सुंदर दिसतं, हे मीही मान्य करतो : त्वचा घट्ट, चरबी कमी, आणि हाडाचा कोपरा किंवा हनुवटीशेजारचा भाग जरा बसका. वयासोबत जबड्याचं हाडही थोडं झिजतं, त्यामुळे हनुवटीच्या दोन्ही बाजूंना जो खळगा पडतो तो भरला की कड पुन्हा सलग दिसते. असर साधारण एक ते दीड वर्ष. पण चेहरा आधीच जड असेल, गाल खाली आलेले असतील, तर फिलर म्हणजे ओझ्यावर ओझं. रेघ येत नाही, चेहऱ्याचा खालचा भाग फक्त रुंद होतो. मग "अजून एक सिरिंज लागेल" असं सांगितलं जातं. हे वाक्य तिसऱ्यांदा ऐकलंत तर उठून या.

एक धोका नीट समजून घ्या. दाढा आवळा आणि मॅसेटरच्या पुढच्या कडेला जबड्याच्या हाडावर बोट ठेवा, तिथे नाडी लागते. ती चेहऱ्याची मुख्य रोहिणी, हाड ओलांडून वर जाणारी. फिलर तिच्यात किंवा तिच्या फांदीत गेलं, तर त्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. इंजेक्शननंतर त्वचा एकदम पांढरी पडणं, जाळीसारखे जांभळे डाग, वाढत जाणारी वेदना ही लक्षणं दिसली तर "सकाळपर्यंत बघू" असं करायचं नसतं. तासांचा हिशेब असतो, हायलुरोनिडेज लगेच द्यावं लागतं. दृष्टीत काहीही बदल जाणवला तर ती थेट आणीबाणी. म्हणून सुई घेण्याआधी विचारा : हायलुरोनिडेज आत्ता इथे कपाटात आहे का, आणि रात्री काही झालं तर फोन कोण उचलणार? या प्रश्नाचा राग येत असेल, तर ती खुर्ची आपली नव्हे. न विरघळणारी कायमस्वरूपी फिलर मी या भागात वापरत नाही. द्रवरूप सिलिकॉनच्या गाठी काढताना चेहऱ्याचं जे होतं ते मी पाहिलं आहे.

चरबीचं तुलनेने सोपं आहे. चिमटीत येणारी, मर्यादित चरबी आणि घट्ट त्वचा असेल, तर डीऑक्सिकोलिक ॲसिडची इंजेक्शनं चालतात. अमेरिकेत याला २०१५ मध्ये मान्यता मिळाली. एका बैठकीत ५० पर्यंत छोटे टोचे, दोन बैठकींत किमान महिन्याचं अंतर, जास्तीत जास्त सहा बैठका. हे औषध चरबीच्या पेशी फोडतं, म्हणून सूज येणारच. पहिले काही दिवस गळा बेडकासारखा फुगतो. जबड्याच्या कडेने जाणाऱ्या नसेला इजा होऊन हसू वाकडं होण्याचं प्रमाण चाचण्यांत सुमारे ४ टक्के होतं. ते भरून आलं, पण आठवडे लागले. 'फॅट डिझॉल्व्हिंग' नावाने मिळणारी, आत काय आहे ते न सांगणारी मिश्रणं घेऊ नका. चरबी गोठवण्याचं यंत्रही आहे. त्यात क्वचित उलटा प्रकार होतो, चरबी कमी होण्याऐवजी त्याच जागी कडक होऊन वाढते आणि मग शस्त्रक्रियेनेच काढावी लागते. सहा वेळा टोचून घेण्यापेक्षा एकदा लायपोसक्शन केलेलं बरं, असं माझं मत आहे. छेद काही मिलिमीटरचा, नेम अधिक अचूक. फक्त शेवटची चरबीही खरवडून काढणारा हात नको. त्वचेखाली थोडी चरबी राहिली नाही, तर मानेच्या दोऱ्या आणि खड्डे दिसू लागतात, आणि ते दुरुस्त करणं फार कठीण.

सैलपणासाठी अल्ट्रासाउंड आणि रेडिओफ्रिक्वेन्सीची यंत्रं आहेत. केंद्रित अल्ट्रासाउंड त्वचेखाली साडेचार मिलिमीटरपर्यंत, ६० ते ७० अंशांची उष्णता देऊन कोलॅजन, म्हणजे त्वचेला घट्ट ठेवणारं प्रथिन, नव्याने तयार व्हायला लावतं. परिणाम तीन ते सहा महिन्यांत दिसतो, आणि तो माफक असतो. 'माफक' हा शब्द दोनदा वाचा. बारीक चेहऱ्यात या उष्णतेने हवी असलेली चरबीही जाऊ शकते, म्हणजे गाल बसतात.

धाग्यांबद्दल माझं मत कडवट आहे. पीडीओ नावाच्या पदार्थाचा धागा सहा-आठ महिन्यांत विरघळतो, ताण त्याच्या बराच आधी सैल पडतो. मधल्या काळात कुणाला खळी पडते, कुणाला टोक हाताला लागतं. ज्यांची त्वचा धाग्याने उचलली जाईल इतकी हलकी असते त्यांना उचलण्याची फारशी गरज नसते, आणि ज्यांना गरज असते त्यांच्या चेहऱ्याचं ओझं धाग्याला पेलत नाही.

पन्नाशी-साठीतल्या खऱ्या सैलपणावर फेसलिफ्ट आणि मानेची लिफ्ट यांना आजही तोड नाही. १९७६ मध्ये मिट्झ आणि पेरोनी यांनी त्वचेखालच्या 'स्मास' या थराचं वर्णन केलं, आणि त्यानंतर शस्त्रक्रिया नुसती त्वचा ओढण्यापुरती राहिली नाही. ताण त्या खोल थरावर दिला जातो, म्हणून चेहरा ओढल्यासारखा दिसत नाही. तुम्हाला ३६ व्या वर्षी याची गरज नाही, तेव्हा इथे थांबतो.

गालातली चरबी काढून जबडा रेखीव करण्याची फॅशन आहे. वयासोबत गाल आपोआप बसत जातात, आणि ती चरबी पंचवीसाव्या वर्षी काढलेली पंचेचाळिसाव्या वर्षी हवी असते. मी जवळजवळ नेहमी नाही म्हणतो. जीभ टाळूला दाबून धरण्याने मोठ्या माणसाच्या जबड्याचं हाड बदलतं याला पुरावा नाही. कडक रबराचे चोथे तासन् तास चघळण्याने मॅसेटर मात्र नक्की वाढतो आणि कानापुढचा सांधा दुखू लागतो. म्हणजे आधी चघळून स्नायू वाढवायचा आणि मग बोटॉक्सने उतरवायचा!

फुगवटा एकाच बाजूला असेल, खाताना वाढत असेल, किंवा हाताला गाठ लागत असेल, तर सौंदर्योपचाराचा विषय बाजूला ठेवा. लाळग्रंथीत खडा असू शकतो, गाठ असू शकते. ती तपासणी आधी. जबड्याखालची ग्रंथी वयासोबत थोडी खाली उतरूनही दिसते, आणि तिला चरबी समजून तिच्यावर टोचे मारलेले मी पाहिले आहेत. गरोदरपणात आणि स्तनपान चालू असताना यातलं काहीही नको. मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असेल तर बोटॉक्स नको. दाताचं काम काढलं असेल, तर फिलर आणि ते काम यांत किमान दोन आठवडे जाऊ द्या. आणि वजन अजून उतरवायचं ठरलं असेल तर आधी ते उतरवा, सहा महिने स्थिर राहू द्या. उतरत्या वजनात भरलेलं फिलर कुठल्या चेहऱ्यासाठी भरलं तेच पुढे समजत नाही.

तुमच्या जागी मी असतो, तर तिघांकडेही लगेच परत गेलो नसतो. वरच्या चार तपासण्या केल्या असत्या. हनुवटी मागे दिसली तर दात आणि जबडा पाहणाऱ्या ऑर्थोडॉन्टिस्टकडे एकदा गेलो असतो, आणि दातांची जुळणी ठीक निघाली तर हनुवटीवर थोडंसं विरघळणारं फिलर घेऊन सहा महिने आरशात पाहिलं असतं. तेवढ्याने गळ्याची रेघ दिसू लागली, तर चरबीला हात लावायचं कारण उरत नाही. नाहीच दिसली, तर पुढचं लायपोसक्शन किती करायचं याचा अंदाज आता बरोबर येतो.

लहानपणी दातांना तारा लावल्या असतील, तर त्या वेळी डोक्याचा बाजूने काढलेला एक्स-रे घरात कुठेतरी पडला असेल. तो शोधून सोबत न्या. हनुवटी आणि जबडा तेव्हा किती मागे होते ते त्यात मोजता येतं.